मैत्रिणीसाठी रंगीबेरंगी मोजे विणायचेत, मदत हवी

लश्करवाली
नमस्कार मंडळी. इथले विणकामावरचे जुने धागे (चर्चा) चाळले. स्वेटर आहेत, टोपडी आहेत, क्रोशाच्या रुमालांवर तर दोनशे प्रतिसाद आहेत. मोज्यांचं कुणी नावच काढलेलं नाही, म्हणून हा नवा धागा.

माझी शाळेपासूनची मैत्रीण ३१ डिसेंबरला निवृत्त होतेय. ती स्वतः शाळेतच शिकवते. आमच्या ग्वाल्हेरची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो, धुक्यात समोरचा गेट दिसत नाही आणि घराघरात दगडी फरशी. ही बाई नोकरीभर मातकट रंगाचे मोजे घालत आली. का, तर साडीखाली दिसू नयेत आणि पोरांनी हसू नये. आता कुणाला घाबरायचं? निवृत्तीच्या दिवशी तिच्या हातात भडक, पट्ट्यापट्ट्यांचे, लांबून ओळखू येतील असे मोजे ठेवायचे आहेत.

मला दोन सुयांवर स्वेटर येतो. गोल कधी विणलेलं नाही. उरलेल्या लोकरीची पिशवी भरलेली आहे, लेबलं कधीच हरवली. आणि हो, तिला न विचारता माप कसं घ्यायचं तेही सांगा.

बडोदेकर
लोकरीचे मोजे! आमच्या बडोद्यात संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवताना बनियनवर असतो माणूस. वाचनखूण साठवून ठेवतोय, ग्वाल्हेरला आलो तर उपयोगी पडेल.

टाके_मोजणारी
लश्करवाली, मोजे हा हिशोबाचा प्रकार आहे, स्वेटरपेक्षा सोपा. आधी दोन मापं हवीत. टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत लांबी आणि बोटांच्या मुळाशी, जिथे पाऊल सगळ्यात रुंद असतं, तिथला घेर.

मोजा पायापेक्षा लहान विणायचा असतो, हे स्वेटरवाल्यांच्या गळी उतरत नाही. घेरात साधारण १० टक्के कमी, लांबीत एक-दीड सेंटीमीटर कमी. तो ताणून बसला पाहिजे, नाहीतर चालताना टाचेखाली गोळा होतो.

उदाहरण देते. घेर २२ सेंमी असेल तर विणायचा २० सेंमी. बारीक चारपदरी लोकर आणि १२ नंबरची सुई घेतली तर माझ्या हाताने १० सेंमीत ३० टाके बसतात. म्हणजे ६० टाके. तुझा हात सैल असेल तर कमी बसतील, म्हणून आधी हातभर... हातभर नको, वीतभर नमुना विणून मोज. नमुन्याला आळस केला तर मोजा नातवाला होतो नाहीतर हत्तीला.

माप चोरून कसं घ्यायचं ते तू बघ. दारातल्या चपलेवरून लांबी मिळेल, घेर नाही.

लश्करवाली
माप सुटलं! कॉलेजात आम्ही एकमेकींच्या चपला घालून निघून जायचो, भांडणंही व्हायची. नंबर एकच आहे. तिचा पाय किंचित रुंद आहे, एवढं लक्षात ठेवलं की झालं. माझा घेर भरला २१.५, म्हणजे तुमचं २२चं गणित तसंच्या तसं लागू.

सुलटउलट
रेल्वेतून निवृत्त झालो, तीस वर्षं रात्रपाळीत मोजे विणले आहेत. बायका हसायच्या आधी, मग नवऱ्यांसाठी मागायला यायच्या.

पोरी, सुयांचा नंबर नीट समजून घे. आपल्याकडे दुकानात जो नंबर चालतो तो जुना विलायती आहे. आकडा मोठा तशी सुई बारीक. १४ नंबर म्हणजे २ मिलीमीटर, १२ म्हणजे २.७५, १० म्हणजे ३.२५. अमेरिकन नंबर बरोबर उलटा चालतो, तिथे २.७५ मिमीला २ नंबर म्हणतात. यूट्यूबवर बघून कुणी '२ नंबरची सुई द्या' म्हणालं तर दुकानदार काठीएवढी जाडी काढून देईल. मिलीमीटर विचारायचं, भानगड मिटते.

सुया दोन्ही बाजूंनी टोकदार, आखूड, पाचचा संच. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याच्या (बाजाराच्या चौकाच्या) आसपास लोकरीच्या जुन्या दुकानांत 'मोजे वाली सलाई' म्हटलं की लगेच कळतं. चार सुयांवर १५-१५ टाके, पाचवीने विणायचं. पहिल्या चार-पाच फेऱ्या साळिंदर हातात धरल्यासारखं वाटेल, वर तीन सुया लोंबकळतात आणि साडीत अडकतात. बॉर्डर दीड इंच झाली की हात बसतो. सुया जिथे बदलतात तिथे जाळी पडते, तर प्रत्येक सुईचा पहिलाच नव्हे, दुसरा टाकाही ओढून घट्ट घ्यायचा.

आणि टाके घालताना दोन सुया जोडून त्यांवर घाल. काठ आवळ झाला तर मोजा पोटरीवर चढणारच नाही, सगळी मेहनत टाचेपाशी अडकेल.

निळी_शाई
एक शंका. मैत्रीण साडीवर मोजे घालते, म्हणजे चपलेत घालते ना? अंगठा वेगळा असलेला मोजा लागेल. तुम्ही सगळे बुटाचा मोजा सांगताय.

लश्करवाली
अगं बाई! बरोबर. ती कायम अंगठ्याचेच मोजे घालते. घरातही अंगठ्याची चप्पल. आता?

निळी_शाई
मग तर तू फार जुन्या परंपरेत बसतेस. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधल्या अँटिनोपोलिसला सापडलेला लहान मुलाचा एक मोजा आहे, सुमारे १७०० वर्षांपूर्वीचा. डाव्या पायाचा, अंगठा वेगळा, म्हणजे सपातेत घालायचा. आणि पट्ट्यापट्ट्यांचा! २०१८मध्ये त्याचे निरनिराळ्या प्रकाशात फोटो घेऊन रंग तपासले तेव्हा सहा-सात छटा फक्त तीन वनस्पतींपासून काढलेल्या निघाल्या. तांबडा मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांचा, निळा वोड नावाच्या झाडाच्या पानांचा (त्यातलं रंगद्रव्य आपल्या निळीचंच), पिवळा वेल्ड नावाच्या रोपाचा. बाकी सगळं एकावर एक रंग चढवून.

तो दोन सुयांवर विणलेला नाही, एका नेढ्याच्या सुईने गाठी घालत केलाय. पण कुणीतरी आपल्या पोराच्या पायासाठी हिरवा करायला निळ्यावर पिवळा चढवत बसलं होतं, हे मला फार आवडतं.

बडोदेकर
ताई, धागा मोज्यांचा, आपण इजिप्तला पोचलो. बसतो बुवा चहा घेऊन.

टाके_मोजणारी
अंगठ्याचा मोजाही हिशोबातच आहे, घाबरू नकोस. ६० टाक्यांचा मोजा अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यापर्यंत नेहमीसारखा विण. मग अंगठ्याच्या बाजूचे वरून ९ आणि खालून ९ असे १८ टाके जाड धाग्यावर बाजूला काढून ठेव. तिथे बेचक्यासाठी ४ नवे टाके घाल आणि उरलेल्या ४२ बरोबर जोडून गोल सुरू कर, ४६ झाले. हा चार बोटांचा भाग. तो करंगळीच्या बाजूनेच जास्त घटवत न्यायचा, कारण बोटं तशीच उतरती असतात.

तो बंद झाला की अंगठ्याचे १८ सुईवर घे, बेचक्यातून ४ उचल, २२ वर गोल विण. नख झाकायला सेंटीमीटरभर उरला की दोनाचा एक करत संपव. बेचक्याच्या दोन्ही कोपऱ्यांत भोक पडतंच, तिथे एकेक टाका जास्त उचलून पुढच्या फेरीत शेजारच्याबरोबर विणून टाक.

आणि लक्षात ठेव, आता डावा-उजवा आला! दुसरा मोजा आरशातल्यासारखा. दोन्ही डावेच विणून ठेवलेल्या बायका मी इंदूरमध्ये स्वतः पाहिल्यात. आडनावं सांगणार नाही.

वसुधैव_मावशी
पायात घालायची वस्तू भेट देतात का गं? आमच्या आईकडे रुमालसुद्धा देत नसत, भांडण होतं म्हणायचे.

सुलटउलट
अहो मावशी, रुपया घ्यायचा हातावर. विकत दिलं म्हणायचं, मिटलं.

हिवाळाप्रेमी
सगळे टाक्यांवर अडकलेत, लोकरीचं कुणी बोलत नाही. पिशवीतली उरलेली लोकर म्हणजे नव्वद टक्के अ‍ॅक्रिलिक असणार, लुधियानाहून येणारी स्वस्त लोकर तीच असते. अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिक. घाम शोषत नाही, पाय ओलसर राहतो आणि ओला पाय थंडीत आणखी गार पडतो. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी पिऊनही हाताला कोरडी लागते. मैत्रिणीला द्यायचंय तर चांगली मेरिनो मागवा. मोज्यांसाठी ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉनची तयार येते, १०० ग्रॅममध्ये एक जोडी होते.

सुलटउलट
आमच्या पिढीने अ‍ॅक्रिलिकवरच थंड्या काढल्या, पाय शाबूत आहेत.

हिवाळाप्रेमी
काका, शाबूत आहेत, पण वास?

सुलटउलट
वास रेल्वेच्या बुटांचा होता, मोज्यांना बदनाम करू नका.

टाके_मोजणारी
भांडू नका. अ‍ॅक्रिलिक चालत नाही असं नाही. तिला धुवायला सोपं, कसर लागत नाही, आणि रंग जेवढे भडक तेवढे त्यातच मिळतात. खरा धोका वेगळाच आहे, तो म्हणजे दोन्हींची सरमिसळ. पिशवीत लेबलं नाहीत म्हणते ना ही? एक पट्टा लोकरीचा, एक अ‍ॅक्रिलिकचा असं झालं आणि कुणी गरम पाण्यात घासून धुतलं, की लोकर आकसून जमते, अ‍ॅक्रिलिक तसंच राहतं. मोजा डमरू होतो.

ओळखायची सोपी रीत: प्रत्येक गुंड्यातून बोटभर दोरा घे, चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्यायचा, खाली ताटलीत पाणी. लोकर चिवटपणे जळते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि राख बोटात चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळून टपकतं, काळा टणक मणी उरतो. मोरीत कर, पडद्याजवळ नको.

लश्करवाली
पूर्ण दुपार मोरीत काढली, घरभर न्हाव्याच्या दुकानाला आग लागल्याचा वास. नवऱ्याने दोनदा येऊन पाहिलं. निकाल असा: गुलाबी, नारिंगी, पोपटी, जांभळा, शेंदरी हे सगळे मणी झाले. खरी लोकर फक्त दोन, सासूबाईंच्या शालीतला मरून आणि एक करडा. दोन्ही बाजूला ठेवले. अ‍ॅक्रिलिकचेच करणार, ठरलं. हिवाळाप्रेमी, रागावू नका, मेरिनो पुढच्या वर्षी.

हिवाळाप्रेमी
रागवत नाही. पण मग टाच आणि चवडा विणताना लोकरीबरोबर शिलाईचा पॉलिएस्टर दोरा जोडून घ्या. टाचेच्या पट्टीत सरळ बाजूला एक टाका विणा, एक न विणता सरकवा, उलट बाजू सगळी उलट. मागे जाड दुपदरी थर येतो. मोजा आधी तिथेच फाटतो, बाकी सगळा धडधाकट असतो.

निळी_शाई
रंगांबद्दल माझं मत, मागितलं नाही तरी देते. पाच भडक रंग सारख्या जाडीच्या पट्ट्यांत विणलेस तर सर्कशीच्या तंबूसारखं दिसेल. एक रंग धरून ठेव, जांभळा म्हण, आणि तो प्रत्येक दोन रंगांच्या मध्ये दोनच फेऱ्या येऊ दे. बाकी पट्टे कमी-जास्त जाडीचे. डोळ्याला बसायला जागा मिळते. आणि टाच व अंगठा पूर्ण वेगळ्या रंगात! चपलेतून तेवढाच अंगठा दिसतो, तो पोपटीच हवा.

टाके_मोजणारी
+१ पोपटी अंगठा.

गोल विणताना रंग बदलला की तिथे पायरी दिसते, कारण फेरी खरं तर जिन्यासारखी वर चढत असते. उपाय: नव्या रंगाची पहिली फेरी नेहमीसारखी. दुसऱ्या फेरीचा पहिला टाका न विणता सरकवायचा, पुढे चालू. पायरी जवळजवळ नाहीशी होते. जांभळा तोडू नकोस, आतून वर घेत जा, दर दोन फेऱ्यांनी चालू रंगाशी एक पीळ. सैल लूप आत ठेवलास तर अंगठा त्यात अडकेल आणि मैत्रीण घालताना एका पायावर नाचेल. त्याच कारणाने बोटांच्या भागात नक्षी नको, पट्टेच बरे.

लश्करवाली
बॉर्डर आणि पोटरी झाली, दोन सुलट दोन उलट, दुपारच्या उन्हात गच्चीवर बसून. सुयांचं भय संपलं. पण टाच! ३० टाक्यांवर ३० ओळींची पट्टी केली आणि आता 'टाच वळवा' म्हणजे काय ते डोक्यात शिरत नाहीये. कुणीतरी एकेक टाका सांगा, मी लहान मूल आहे असं समजून.

सुलटउलट
घे. ३० टाके, सरळ बाजू समोर. पहिला सरकव, १६ सुलट, दोनाचा एक, एक सुलट. आता थांब! १० टाके डाव्या सुईवर तसेच आहेत, त्यांना हात लावायचा नाही. उलटून घे. पहिला सरकव, ५ उलट, दोनाचा एक, एक उलट. पुन्हा थांब, या बाजूलाही १० उरले पाहिजेत. उरले तर तू बरोबर आहेस.

उलटून घे. आता मध्ये खाच दिसेल, जिथे मागच्या वेळी वळलो तिथे. सरकव, ६ सुलट, खाचेच्या अलीकडचा आणि पलीकडचा मिळून दोनाचा एक, एक सुलट, वळ. पुढच्या ओळीत ६ उलट, खाच मिटव, एक, वळ. मग ७, ७, मग ८, ८. दर वेळी खाच एक टाका लांब जाते आणि दोन्हीकडचे टाके दोनदोनने संपतात. बारा ओळींत १८ टाके उरतील आणि हातात वाटी तयार झालेली असेल. वाचून समजणार नाही, हातात घेऊन कर. समजावून घ्यायच्या फंदात पडलीस तर संक्रांत येईल.

लश्करवाली
काका!!! वाटी झाली!! १८च उरले! नवऱ्याला, दूधवाल्याला, शेजारच्या भाभींना, सगळ्यांना दाखवून झाली. दूधवाला म्हणाला, 'अच्छा है, पर ये है क्या?'

टाके_मोजणारी
शाब्बास. आता पट्टीच्या दोन्ही कडांनी १५-१५ उचल. प्रत्येक दोन ओळींना एक साखळीसारखा टाका काठावर दिसेल, तोच उचलायचा. १८ + ३० आणि वरचे ३० मिळून ७८. एक फेरी आड दोन्ही बाजूंना एकेक घटव. नऊ वेळा घटवलं की परत ६०. तिथून अंगठ्यापर्यंत सरळ रस्ता, गाणी ऐकत विण. डिसेंबरात तानसेन समारोह असतोच तुमच्याकडे, जाताना पिशवीत टाक.

बडोदेकर
आलापात मोजे! मागच्या रांगेत बसा, सुया वाजतात.

वसुधैव_मावशी
दगडी फरशीवर लोकरीचे मोजे घसरतात हो. आमच्या वाड्यात एक काकू पडल्या होत्या. चपलेशिवाय घालू नको म्हणून सांग तिला.

हिवाळाप्रेमी
मावशींचं बरोबर आहे. किंवा तळाला रबरी ठिपके लावा, द्रव रबराची बाटली हस्तकलेच्या दुकानात मिळते. टाचेखाली आणि चवड्याखाली दोन्हीकडे हवेत, एकाच जागी लावून उपयोग नाही.

लश्करवाली
झाले. डावा आणि उजवा, खरोखर डावा आणि उजवा.

३१ तारखेला शाळेत सत्कार, हार, शाल, भाषणं. मोज्यांचा डबा मी सगळं आटपल्यावर घरी दिला, आधी हातावर रुपया घेऊन (मावशी, तुमच्यासाठी). तिने उघडला, पोपटी अंगठा धरून वर उचलला आणि खो-खो हसत सुटली. मग तिथेच साडी जरा वर धरून चढवले. घेर बरोबर बसला, लांबीत किंचित जास्त झालाय पण अंगठा सांभाळून घेतो. रविवारी आम्ही ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात गेलो. १९०५ पासून भरतोय, आम्ही कळत्या वयापासून जातोय, पण पहिल्यांदाच लोक आमच्याकडे वळून बघत होते. गजकच्या दुकानावर एका बाईंनी 'कहाँ से लिए?' विचारलं, तर ही म्हणते, 'बनवाए हैं, ऑर्डर लेती है मेरी सहेली.' घ्या आता!

फोटो टाकते आहे. धुण्याबद्दल विचारतेय ती. मशीनमध्ये चालतील का?

टाके_मोजणारी
फोटो पाहिला, पट्ट्यांची पायरी कुठेच दिसत नाहीये, वा! अ‍ॅक्रिलिक आहेत, म्हणून मशीनमध्ये चालतील, पण जाळीच्या पिशवीत आणि गार पाण्यात. आतला पोपटी दोरा आधी नीट टाचून घे, फोटोत शेपूट दिसतंय. इस्त्री अजिबात नाही. एकदा वाफ लागली की अ‍ॅक्रिलिक लोळागोळा होतं, ताण जातो आणि परत येत नाही. टांगूनही वाळवू नका, ओल्याच्या वजनाने लांब होतात. आधीच लांबीत जास्त आहेत म्हणतेस.

बडोदेकर
मला एक विचारायचं होतं. माझ्या भावाची बदली ग्वाल्हेरला झालीय, पाय ९ नंबर, घेर २५. बुटाचे, अंगठा नको. टाके किती घालायचे? आणि ऑर्डर खरंच घेतात का?

लश्करवाली
ऑर्डर नाही घेत हो! २५ मधून १० टक्के गेले, साडेबावीस. तीनने गुणा, ६७-६८. चारने भाग जायला हवा म्हणून ६८. सुया १२ नंबर. स्वतः विणा, टाचेला अडलात तर काका आहेत.